आपल्याकडं लष्करानं सत्ता का नाही घेतली?

कराडचा_गडी:
परवा कट्ट्यावर जाम वाद झाला. पाकिस्तानात १९५८ ला अयुब, १९७७ ला झिया, १९९९ ला मुशर्रफ, सरकार पाडलं की बसले खुर्चीवर. दोन्ही फौजा एकाच इंग्रजी फौजेतनं निघालेल्या, मग आपल्याकडं का नाही? मित्र म्हणतो आपले जवान शिस्तीचे. मला काय पटेना. व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नको प्लीज.

अपशिंगेकर:
शिस्त तिकडंपण होती की. आमच्या गावात घरटी फौजी, कुणाला विचारा. इंग्रजांच्या वेळी कमांडर-इन-चीफचा मान व्हाइसरॉयच्या खालोखाल. त्याचा दिल्लीतला तीन मूर्तीचा बंगला नेहरूंनी स्वतःला घेतला आणि १९५५ ला ते पदच काढलं, तिन्ही दलांचे प्रमुख सारखे, त्यांच्यावर वर्दीतला कोणी नाही. सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांना जोडणारा संरक्षण दल प्रमुख, यायला २०२० उजाडलं, आणि त्यालाही तिन्ही प्रमुखांवर कमांड नाही.

मिरज_जंक्शन:
बरोबर, पण पुढारी लई शहाणे होते असं नका समजू. १९५९ ला लष्करप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री मेननना वैतागून राजीनामा दिला, नेहरूंनी गोड बोलून मागं घ्यायला लावला आणि संसदेत त्यांच्यावरच टीका केली. ६२ ला चीनसमोर काय झालं ते माहितीय. मेनन गेले, त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि १ सप्टेंबर ६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानविरुद्ध लढाईत हवाई दल उतरवायचं का म्हणल्यावर त्यांनी कॅबिनेटची वाट न बघता हो म्हणलं. लढायचं का ते मंत्र्यानं ठरवायचं, कसं लढायचं ते फौजेनं, एवढं साधं आहे.

अजिंक्यतारा_खालचा:
साताऱ्यात तर हे आधीच घडून गेलंय राव! गादी शाहू महाराजांची, सेनापती दाभाडे, आणि १७३१ ला गुजरातेत डभईला पेशवे बाजीरावांशी लढताना त्रिंबकराव दाभाडे पडले. महाराजांनी नंतर समेट घडवला पण फौज आणि वसुली दोन्ही पेशव्यांकडं जात राहिली, मग १७४९ ला महाराज गेल्यावर कारभार पुण्यातनंच. म्हणजे फौज आणि पैसा ज्याच्याकडं, सत्ता त्याच्याकडं. पाकिस्तानात लष्कराचे स्वतःचे उद्योगधंदे आहेत, आपल्याकडं पैसा संसद मंजूर करते. माझ्या मते खरी गोम तिथं आहे.

कराडचा_गडी:
हे पटलं. पण ७१ ला लष्करप्रमुख मानेकशांनी इंदिराबाईंना लढाई लगेच नको, थांबा म्हणलं ते?

अपशिंगेकर:
सल्ला दिला, निर्णय बाईंचाच. उलट १९९८ ला सरकारनं नौदलप्रमुख भागवतांना थेट पदावरनं काढलं, बरोबर का चूक यावर भांडा पाहिजे तेवढं, पण एक जहाज हललं नाही.