डुकराच्या पेशींनी इन्सुलिनची सुई सुटेल का?

लेकाला टाइप १ मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. काल पहाटे तीनला साखर ४८ वर घसरली, घामाने उशी ओली. डुकराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी बसवतात म्हणे. खरंच?

— प्रयोगच आहेत अजून. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात दहा जणांना दिल्या. इन्सुलिन कुणाचंच सुटलं नाही.

— डुकरच का पण?

— त्याचं इन्सुलिन आपल्याहून एकाच अमिनो आम्लाने वेगळं. लहानपणी मी तेच टोचून घ्यायचो! घोडं अडतं पेशींपाशी. त्यांच्यावरची अल्फा-गॅल नावाची साखर दिसली की आपलं शरीर तुटून पडतं. म्हणून ती साखर नसलेली, जनुकं बदललेली डुकरं, नाहीतर पेशी शरीरापासून लपवायला अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या जेलच्या) कुपीत. पण कुपीभोवती व्रणासारखा थर चढला की आतल्या पेशी गुदमरतात.

— ताई, तोवर साखर मोजणारा अलार्मवाला सेन्सर लावा.

— लावलाय हो. त्यानेच उठवलं.