तांबटाचं घरटं असलेली फांदी वाचवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. थंडीभर गप्प असलेला तांबट फेब्रुवारी लागताच सुरू झाला, टुक् टुक् टुक्, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा. समोरचा पांगारा फुललाय, त्यावर सकाळी भोरड्यांचा नुसता कालवा असतो. त्या उन्हाळ्याआधी मध्य आशियाकडे परततील, पण तांबट इथलाच.

आता अडचण. पांगाऱ्याच्या एका वाळक्या, तिरक्या फांदीला खालच्या बाजूने त्याने ढोली कोरायला घेतलीय. नर-मादी आलटून पालटून येतात. आत शिरून चोचभर भुसा आणून बाहेर टाकतात, माझ्या स्कूटरच्या सीटवर रोज पिवळसर चुरा असतो! भोक जेमतेम रुपयाच्या दोन नाण्यांएवढं. कालपासून एक जण आत गेला की बराच वेळ बाहेरच येत नाही. अंडी घातली असतील का?

सोसायटीला नेमकी तीच फांदी पावसाळ्याआधी कापायचीय, खाली गाड्या असतात म्हणून. भीती अगदीच खोटी नाही. पण वाळकं, मऊ लाकूडच तांबटाला कोरता येतं, हे समितीला पटवायचं कसं? पिल्लं उडेपर्यंत साधारण किती दिवस थांबायला सांगू? तोवर फांदीला दोराने आधार दिला तर पक्षी बिथरतील का? कुणी केलंय का असं? रविवारी बैठक आहे, त्याआधी कळवा प्लीज.