नव्या कर्नलवर वाय-फाय तुटते: हे रिग्रेशन (आधी चालणारे नव्या आवृत्तीत बिघडणे) कसे कळवावे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार. आमच्या गावच्या अभ्यासिकेतील चारही जुन्या संगणकांवर लिनक्स आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ वरून ६.६ वर नेल्यापासून वाय-फायचा यूएसबी डोंगल अर्ध्या-पाऊण तासात जोडणी सोडतो, ६.१ वर परतलो की सारे सुरळीत चालते. हा बिघाड कर्नल घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचावा असे मनापासून वाटते, परंतु इथे भारनियमन आहे आणि इंटरनेट मोबाईलचेच आहे. आमच्या एका डोंगलची दखल घेतली जावी म्हणून आम्ही नेमके काय द्यावे?

उत्तर (अमरावती)
दखल घेतली जाण्याची चांगली शक्यता आहे, कारण आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक आग्रह आहे. मात्र नुसते ‘चालत नाही’ असे न कळवता दोषी बदल शोधून द्या. आधी ६.२ ते ६.५ चालवून बिघाड कोणत्या दोन आवृत्त्यांमध्ये शिरला ते पाहा आणि मग ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा सुरू करा. ती दर फेरीला मधल्या टप्प्याचा कर्नल देते; तो बांधून चालवा आणि तिला ‘गुड’ (चालतो) किंवा ‘बॅड’ (बिघडतो) सांगा. लगतच्या दोन आवृत्त्यांत साधारण १४,००० बदल असले, तरी दर फेरीला निम्मे गळत असल्याने सुमारे १४ फेऱ्यांत एकच उरतो.

वीज गेली तरी झालेल्या फेऱ्यांची नोंद डिस्कवर राहते. कर्नलच्या कोडचा संपूर्ण इतिहास अनेक जीबींचा असल्यामुळे गिटच्या ‘शॅलो-सिन्स’ पर्यायाने हवा तेवढाच भाग उतरवा. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा सध्या वापरात असलेलेच ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे भाग) निवडते, त्यामुळे कर्नल लवकर बांधून होतो, पण तेव्हा डोंगल लावलेला असू द्या, नाहीतर त्याचाच ड्रायव्हर वगळला जाईल.

उत्तर (वर्धा)
भाऊ, थांबून थांबून होणाऱ्या बिघाडात खरा धोका चुकीच्या ‘गुड’चा असतो. अशाच एका शोधात मी दहा मिनिटे पाहून ‘गुड’ म्हटले, आणि शेवटी बोट ठेवले गेले ते माझ्या यंत्रणेशी काडीचाही संबंध नसलेल्या बदलावर. चार दिवस वाया गेले. तुमचा डोंगल अर्ध्या-पाऊण तासात तुटतो, तर किमान दोन तास तो टिकल्याशिवाय ‘गुड’ म्हणू नका. ‘बॅड’ मात्र एकदा दिसले तरी पुरते. दोषी बदल सापडला की शक्य असल्यास तेवढाच उलटवून कर्नल पुन्हा बांधा. जोडणी टिकली तरच तो खरा मानावा.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. ६.४ चालते, ६.५ तुटते. चार फेऱ्या झाल्या आहेत. बदल सापडल्यावर पत्र कोणाला लिहावे?

उत्तर (अमरावती)
बदलाच्या लेखकाला आणि कर्नलच्या कोडसोबत येणारी ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट दाखवील त्या देखभालकर्त्यांना लिहा. रिग्रेशनच्या ईमेल-यादीला प्रत द्या. पत्रात ‘रेगझबॉट इंट्रोड्यूस्ड’ ही आज्ञा बदलाच्या ओळखक्रमांकासह स्वतंत्र परिच्छेदात लिहा, म्हणजे रेगझबॉट हा स्वयंचलित प्रोग्राम ती तक्रार आपल्या यादीत घेऊन दुरुस्ती होईपर्यंत तिचा माग ठेवतो. मजकूर साधा असावा, कारण एचटीएमएल पत्रे यादी स्वीकारत नाही. त्याआधी सर्वांत ताजा कर्नल एकदा चालवून पाहा, कारण दुरुस्ती आधीच झालेली असू शकते. पॅच (दुरुस्तीचा बदल) आला की तो याच डोंगलवर दोन तास चालवून निकाल त्याच पत्रसाखळीत कळवा.