वीस खाटांच्या रुग्णालयात वापरलेल्या सुया : हब कटर नेमका कुठे ठेवावा?

प्रश्न : इनचार्ज सिस्टर, सात रस्ता परिसर

नमस्कार. सोलापुरातील एका वीस खाटांच्या खासगी रुग्णालयात मी अलीकडेच रुजू झाले आहे. सुयांसाठी पांढरा डबा, प्लास्टिकसाठी लाल पिशव्या, पिवळ्या पिशव्या, काचेसाठी निळा खोका असे सर्व काही येथे आहे आणि कचरा नेणारी गाडीही वेळेवर येते. तरीही काल दुपारी लाल पिशवीला गाठ मारताना आमच्या सफाईच्या मावशींच्या तळहातात सुई घुसली. चिमट्याने पिशवी तपासली, तेव्हा सुईवर टोपण अर्धवट बसवलेली एक सिरिंज न कापता तशीच आत टाकलेली आढळली. हब कटर (सुई जिथे सिरिंजला जोडलेली असते त्या बुडापाशी, म्हणजे हबपाशी, ती कापणारे उपकरण) नर्सिंग स्टेशनच्या ओट्यावर आहे आणि टोकाच्या खोल्या तेथून लांब आहेत. त्यामुळे इंजेक्शन दिल्यावर टोपण लावून सिरिंज ट्रेमध्ये ठेवायची आणि राऊंड संपल्यावर सगळ्या एकदम कापायच्या, अशी येथील जुनी रीत आहे.

कटरऐवजी नीडल बर्नर (सुई जाळणारे उपकरण) घेतल्यास चालेल का? सुया हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक द्रावणात) भिजवूनच डब्यात टाकाव्यात, असे जुने कर्मचारी सांगतात. ते आजही आवश्यक आहे का? मावशींची जखम साबणाने धुऊन त्यांना टीटीचे (धनुर्वाताच्या लसीचे) इंजेक्शन दिले आहे. सुई कोणत्या रुग्णाची होती, हे कळू शकले नाही.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, अक्कलकोट रोड

सिस्टर, कटरचे नंतर पाहता येईल. मावशींना आजच, शक्य असल्यास या क्षणी, शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्ही उपचार केंद्रात) घेऊन जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि ती 28 दिवस घ्यावी लागतात; काल दुपारची घटना असल्याने आपल्या हातात अजून वेळ आहे. औषधे द्यायची की नाही, हे तेथील डॉक्टर जखमेचे स्वरूप पाहून ठरवतील. रुग्ण अज्ञात आहे म्हणून थांबू नका.

हिपॅटायटिस बीची लस त्यांनी घेतली आहे का, हेही विचारा. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुई टोचल्यास हिपॅटायटिस बीचा धोका 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तर एचआयव्हीचा धोका सुमारे 0.3 टक्के असतो. आपल्याकडे भीती मात्र नेमकी उलट्या क्रमाने असते. लस घेतलेली नसल्यास पहिला डोस आजच द्यावा आणि इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज आहे का, हेही विचारून घ्यावे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्हींसाठी रक्ताची पहिली तपासणी आजच झाली पाहिजे, म्हणजे पुढच्या तपासण्यांची तुलना तिच्याशी करता येईल. अपघाताची लेखी नोंद जरूर करा.

उत्तर : संसर्ग नियंत्रण परिचारिका, होटगी रोड

ताई, आपल्याकडील अपघात लाल पिशवीशी झाला असला, तरी त्याची सुरुवात रुग्णाच्या खाटेशी झालेली आहे. सुई शिरेतून बाहेर आल्यापासून ती डब्यात पडेपर्यंतचे अंतर जेवढे जास्त, तेवढी ती कोणाच्या तरी हाताला लागण्याची शक्यता जास्त. ट्रेमध्ये सिरिंज साठवत नेण्याची रीत पडली, की टोपण लावणे ओघाने आलेच. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात सुई, बाजूला नातेवाइकांची गर्दी आणि शेजारच्या खाटेवरून आलेली हाक, अशा वेळी सुई टोपणात न जाता बोटात जाते. म्हणून कटर ओट्यावर न ठेवता इंजेक्शनच्या ट्रॉलीवर, खालच्या कप्प्यात नव्हे तर वरच्या पृष्ठभागावर, पक्का बसवून घ्यावा आणि ट्रॉली खाटेपर्यंत न्यावी. टोपण लावण्यावाचून गत्यंतर नसेलच, तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एका हातानेच सुईने उचलावे.

कापताना सुई हबपाशी कापावी, म्हणजे सिरिंजचे तोंडही निकामी होते. हा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. 2009 मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची जी साथ आली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजचा पुनर्वापर होता. अखंड सिरिंज भंगारात गेली, तर ती धुऊन पुन्हा बाजारात येणारच नाही, याची हमी कोण देणार? कापलेली सुई पांढऱ्या डब्यात आणि सिरिंजचा प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत जातो. इन्सुलिन सिरिंजची सुई मात्र तिलाच जोडलेली असते, त्यामुळे ती अख्खीच पांढऱ्या डब्यात टाकावी. कॅन्युलाचा (सलाईनसाठी शिरेत घालतात त्या नळीचा) स्टायलेट, म्हणजे आतली सुईही, पांढऱ्या डब्यातच जातो. लाल पिशवीत चुकून सापडणाऱ्या वस्तूंमध्ये माझ्या पाहण्यात तोच सर्वाधिक असतो, कारण सलाईन चालू करण्याच्या गडबडीत तो खाटेवरच राहून जातो.

डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा आणि एका डब्यातील सुया दुसऱ्यात कधीही ओतू नयेत. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारे कर्मचारी पुष्कळ आहेत, त्यामुळे डब्याजवळचा फलक केवळ इंग्रजीत असून उपयोग होत नाही.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विजापूर रोड

बर्नरविषयी : 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत कटर आणि बर्नर या दोन्हींचा उल्लेख आहे, त्यामुळे बर्नर वापरणे नियमबाह्य नाही. तथापि तो विजेवर चालतो, जाड सुया त्यात नीट जळत नाहीत, हबला लहानसा खुंट शिल्लक राहतो आणि सिरिंजचे तोंड शाबूत राहते ते वेगळेच. दोन्ही परवडत असतील तरी मी कटरच घेईन.

सुया भिजवून ठेवण्याची प्रथा 1998 च्या जुन्या नियमांच्या काळातली आहे. आता प्रयोगशाळेतील जंतुसंवर्धनाचा कचरा, रक्ताचे नमुने, रक्तपिशव्या अशा ठरावीक कचऱ्यावरच जागेवर पूर्वप्रक्रिया करणे बंधनकारक आहे. सुया सामायिक प्रक्रिया केंद्रात ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने) किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक केल्या जातात आणि नंतर त्यांचा भुगा केला जातो किंवा त्या धातूच्या डब्यात अथवा काँक्रीटमध्ये बंद केल्या जातात. सुया रसायनात टाकणे आणि पुन्हा उपसून काढणे, यात त्या आणखी एकदा हाताळल्या जातात, एवढेच साधते. प्रक्रिया न केलेला अवयवांचा आणि रक्ताने माखलेला कचरा 48 तासांपेक्षा अधिक काळ ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उत्तर : आरोग्य सेवक, माळशिरस तालुका

थोडे विषयांतर होईल, पण हे नियम शिबिरांनाही लागू आहेत. वारीच्या काळात नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गावर तात्पुरते दवाखाने उभे राहतात आणि तेथे ट्रॉली नसते, टेबल असते. अशा ठिकाणी डबा टेबलाच्या पायाला किंवा कडेला बांधून ठेवावा, कारण गर्दीच्या धक्क्याने सुटा डबा कलंडतो. शिबिराची परवानगी मागतानाच कचरा कोण आणि कधी उचलणार, हे लेखी ठरवून घेतलेले बरे.

प्रश्नकर्त्या सिस्टर

सर्वांचे आभार. मावशींना काल संध्याकाळीच शासकीय रुग्णालयात नेले होते. त्यांची औषधे सुरू झाली असून हिपॅटायटिस बीचा पहिला डोसही दिला आहे. त्यांना ही लस यापूर्वी कोणीही दिली नव्हती. कटर आज ट्रॉलीवर बसवून घेतला. आता डॉक्टरसाहेबांकडे सर्व सफाई कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा खर्च मागणार आहे. हे लसीकरण रुग्णालयाचीच जबाबदारी आहे, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे का?

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विजापूर रोड

होय. कचरा हाताळणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, तसेच रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी त्यांना प्रशिक्षण देणे, हे 2016 च्या नियमांनी रुग्णालयाच्या कर्तव्यांतच घातले आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्यातून वगळू देऊ नका.