अनुभव धागा: किनाऱ्यावर, सड्यावर, बांधावर फोटो काढताना तुम्हाला कुणी काय शिकवलं?

गेली अकरा वर्षं सलग दोन दिवस सुट्टी मिळाली की मी कॅमेरा घेऊन कोकणात उतरतो. नोकरी पुण्यात, हिशेबाची. फोटोग्राफी हौसेची. एवढ्या वर्षांत दोन कॅमेरे झाले, चार लेन्स झाल्या. फोटोंमध्ये जो काही फरक पडला तो मात्र गावातल्या माणसांनी जाता जाता सांगितलेल्या गोष्टींनी पडला. तशा गोष्टी प्रत्येकाच्या गाठीला असणार. त्या इथे लिहा. मी माझ्यापासून सुरुवात करतो.

हेदवीचं दशभुज गणपतीचं देऊळ सगळे बघतात. तिथून खाली समुद्राकडे उतरलं की उमामहेश्वराचं छोटं देऊळ लागतं आणि त्याच्या शेजारी खडकातली एक अरुंद चीर. ती बामणघळ. भरतीचं पाणी या चिरेत कोंडतं आणि दणक्यासरशी वर उसळतं. मी पहिल्यांदा गेलो तो पहाटेचा मऊ उजेड साधायला, अंधारातच ट्रायपॉड लावून. घळीच्या तळाशी पाणी नुसतं चुबकत होतं. तास गेला, ऊन आलं, तरी तेच.

देवळाच्या पायरीवर एक आजोबा येऊन बसले होते. म्हणाले, "आज पुनव ना? मग आत्ता कुठली भरती? अकरा-साडेअकराला या."

मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीची तीन, अष्टमीची सहा, पौर्णिमेची सव्वाअकरा. ती भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. मोबाईलवरच्या वेळापत्रकाशी मी पुढे कितीदा तरी ताडून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं जुळतं.

पण खरी मेख पुढे आहे. अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास भरती येते, तेव्हा फोटोला तोच दिवस उत्तम असं मला वाटलं. गेलो, तर ती भांगाची भरती. पाणी आलं, पण त्यात जोर नव्हता. जोर असतो पुनव-अवसेच्या उधाणाला. तेव्हा भरती भर दुपारी आणि ऊन डोक्यावर, फवारा पांढराफटक येतो, त्यातला एक थेंब वेगळा दिसत नाही. तीन-चार फेऱ्यांनंतर मधली तिथी सापडली, पंचमी. पावणेचारच्या आसपास भरती, थंडीच्या दिवसांत ऊन तिरपं झालेलं, आणि उधाण उतरणीला लागलं तरी पाण्यात दम शिल्लक. पौष वद्य पंचमीला मिळालेला फोटो आज घराच्या भिंतीवर आहे.

घळीच्या काठावर कुणीही उभं राहू नका. खडक निसरडा आहे आणि लाट किती वर येईल ते आधी कळत नाही. मी लांबून, ७०-२०० लेन्स लावून काढला.

*

रत्नागिरीहून

माझा अनुभव कातळशिल्पांचा. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी, पक्षी, मासे. मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात भर दुपारी. शिल्पावर उभी होते तरी शिल्प दिसेना! नुसता तापलेला तांबडा-काळा कातळ. काढलेल्या फोटोंतून एकही रेघ उठत नव्हती.

गुरं घेऊन निघालेल्या एका काकांनी विचारलं, "कसले फोटो काढता?" सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता चित्र झोपलेलं असतं. सूर्य माडाच्या उंचीवर आला की उठतं."

साडेपाचनंतर अगदी तसंच झालं. ऊन आडवं आलं आणि खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरत गेली. आधी पाय दिसले, मग सोंड, मग पोटातली एकेक आकृती. वीस-पंचवीस मिनिटं मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. बघतच राहिले. उथळ कोरीवकामाला बाजूचा उजेड लागतो हे मला वाचून माहीत होतं. पण कुठल्या ऋतूत, कुठल्या बाजूनं, किती वेळ, हे त्या सड्यावर रोज चालणाऱ्यालाच ठाऊक.

त्यांनी आणखी एक सांगितलं: पहिल्या पावसानंतर या. आले. रेघांमध्ये पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ. हत्तीची अख्खी कड ढगांनी काढल्यासारखी.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या अशा काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. तेव्हापासून माणसं वाढली आहेत. फोटो उठून दिसावा म्हणून कुणी रेघांत खडू किंवा चुना भरतं, ते बघून जीव तुटतो. हात जोडून सांगते, करू नका. संध्याकाळपर्यंत थांबा.

*

पुण्याहून

मावळात भातलावणीचे दिवस. आवणात, म्हणजे भाताच्या खाचरात, सात-आठ बायका वाकलेल्या, पाठीवर पावसाची इरली, मागे धुकं. मी बांधावरून विचारलं, फोटो काढू का? एक मावशी मान वर न करता म्हणाल्या, "नको. लुगडं चिखलात भरलंय, असलं तोंड कशाला न्यायचं?"

कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या चित्रासारखं चित्र मला पुन्हा दिसलं नाही. तरी बरोबर केलं असंच वाटतं.

*

बोरिवलीहून

माझं आजोळ श्रीवर्धनचं. मामाची वाडी माड-पोफळींची. २०१७ च्या दिवाळीत मी सहज विहिरीच्या काठावर चढून वाडीचे ओळीने फोटो काढले होते. नवी वाइड लेन्स घेतली होती, ती तपासायला. त्यात कला वगैरे काही नव्हती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते थेट आमच्या किनाऱ्यावर. टाळेबंदी होती, जाता येईना. पाच दिवसांनी मामाचा फोन लागला. घराचे पत्रे उडाले, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाला, "तुझ्याकडे वाडीचे फोटो आहेत ना? आण येताना."

मला वाटलं नुकसानीच्या कागदांसाठी हवे असतील. ऑगस्टमध्ये गेलो. मोठे प्रिंट काढून नेले होते. मामाने ते ओटीवर पसरले आणि पेन्सिल घेऊन बसला. हा आजोबांनी लावलेला. हा तुझ्या आईच्या लग्नाच्या वर्षीचा. ही पोफळींची रांग मी आणि धाकट्याने धरली. फोटोतल्या एकेका खोडावर तो खूण करत होता आणि मग बाहेर जाऊन बुंधा शोधून येत होता. आडवी पडलेली झाडं एकात एक इतकी गुंतली होती की कुठलं कुठे उभं होतं हे त्यालाही लागत नव्हतं. दोन दिवस हेच चाललं. शेवटी कुठे काय लावायचं त्याचा आराखडा त्याच फोटोच्या मागच्या बाजूला झाला.

पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, माडाला जातीप्रमाणे कमी-जास्त. तेव्हापासून दर दिवाळीत मी विहिरीच्या त्याच काठावर, त्याच दगडावर उभं राहून तेच फोटो काढतो. लेन्सही तीच ठेवली आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदाच आभाळाचा थोडा भाग पानांनी झाकलेला आला.

मला काय शिकवलं म्हणाल, तर आपल्याला साधा वाटणारा फोटो खोडू नये. मी त्या दिवशी काढलेल्या चाळीसातले सव्वीस खोडून टाकले होते. मामाने पश्चिमेच्या कोपऱ्यातला फोटो मागितला, तो माझ्याकडे नव्हता.

*

बर्गन, नॉर्वेहून

वाचून राहवलं नाही. मी अर्नाळ्याची. आमच्याकडे बोंबील वलांडीवर, म्हणजे मासे वाळत घालायच्या आडव्या काठ्यांवर, सुकतात, जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीनं. मार्चमध्ये लोफोटेन बेटांवर गेले होते, बर्फाचे डोंगर आणि लाल कोळीघरं यांचे फोटो काढायला. हेनिंग्सव्हेरला पोचले आणि समोर लाकडी वलांड्याच वलांड्या! कॉड मासे शेपट्या बांधून जोडी-जोडीनं लटकवलेले, मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर. मेपर्यंत तसेच राहतात. डोंगर राहिले बाजूला, दोन दिवस मी मासेच काढत होते.

आईला फोटो पाठवले. तिचा पहिला प्रश्न, "माश्या बसत नाहीत का गं?" तिथल्या एका बाईंना तोच विचारला. त्या म्हणाल्या, म्हणूनच थंडीत टांगायचे, माश्या यायच्या आत सुकले पाहिजेत. त्यानंतर मी वाऱ्याची दिशा बघून फोटो काढले. वाऱ्याच्या बाजूचे मासे आधी सुकतात, त्यांचा रंग वेगळा दिसतो. हे आईने सांगितलं होतं, बोंबलांबद्दल.

*

चिपळूणहून

वेळासला कासवं बघायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांबरोबर २००२ पासून तिथे काम उभं केलं. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवरची टोपली उचलतात, पिल्लं निघाली असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. दोरीमागे राहा, फ्लॅश बंद. फ्लॅश माहीत असतो, पण माझ्या कॅमेऱ्याचा फोकसचा लाल दिवा चालू राहिला होता, तो गावातल्या एका मुलानं दाखवून दिला. बारावीतला असेल. तोही मेनूत जाऊन बंद करा. आणि पोटावर झोपून काढा, उभं राहून काढलेलं पिल्लू वाळूतल्या खड्यासारखं दिसतं.

*

कोल्हापूरहून

मालवणजवळ रापण ओढत होते. होडीनं जाळं अर्धगोल टाकलेलं, दोन्ही टोकांना माणसं दोर धरून. मी दोन टोकांमध्ये धावत फोटो काढत होते. एक वयस्क मामा ओरडले, "गो बाय, फोटो मगे काढ, आदी दोरी धर!" एक माणूस कमी होता.

कॅमेरा सुक्या जाळ्याच्या ढिगावर ठेवला आणि धरली. पाऊण तास. दोर ओला, खरखरीत, समुद्र आपल्याला आत ओढतोय असा. जाळं काठाला आलं तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की फोटो काढणं शक्यच नव्हतं. पण आता मला माहीत आहे की ओढणाऱ्याचं सगळं वजन टाचेवर असतं, चेहऱ्यावर नाही. पुढच्या वर्षी गेले ते टाचांचे फोटो काढायला. पहिल्या दिवशी वाटा मिळाला होता, सहा बांगडे.

*

(धागाकर्ता) वर एकांनी निरोप पाठवून विचारलंय, गुहागरला ओल्या वाळूत सूर्यास्ताचं प्रतिबिंब हवं तर कधी जावं. त्याच हिशेबानं: सूर्यास्ताला ओहोटी हवी, म्हणजे भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. उधाणाची ओहोटी असल्यानं पाणी खूप मागे जातं, वाळूचा ओला पट्टा रुंद मिळतो. प्रतिपदेला मात्र पंधरा मिळवून सोळाची पाऊणपट धरा, बारा. येत्या अमावास्येला मी तिथे आहे. सुरूच्या बनापाशी, साडेचारपासून.