अगत्तीपर्यंत जायचंय: होडीवर यंत्रं किती चढवायची?

मांडवीकाठचा_पणजीकर

नमस्कार मंडळी. माझी ३१ फुटी फायबरची शिडाची होडी ब्रिटोनाला मांडवीत असते. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी जोडप्याकडून चार वर्षांपूर्वी घेतली. आजवरची मजल उत्तरेला मालवण, दक्षिणेला कारवार. यंदा डिसेंबरात लक्षद्वीपमधलं अगत्ती गाठायचा विचार आहे. अंतर सुमारे ३०० सागरी मैल, पाच नॉटच्या चालीने अडीच दिवस. लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याचे कागद फिरताहेत. सोबत बायको आणि एक मित्र.

होडीवर सामान काय चढवायचं, यावर घरात दोन पक्ष पडलेत. एका विक्रेत्याने यादी दिलीय: नवा मोठा चार्टप्लॉटर (पडद्यावर नकाशा आणि होडीची जागा दाखवणारा), रडार, विजेवरचा ऑटोपायलट (सुकाणू आपोआप धरणारा), लिथियम बॅटऱ्या, खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, फ्रीज. खालचा आकडा बघून मी कागद पालथा ठेवला. दुसरीकडे ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणतात, कागदी नकाशा, होकायंत्र आणि मनगटावरचं घड्याळ बस्स, बाकी सगळं थोतांड. मी जन्मभर विजेच्या तारा जोडून पोट भरलं. मला यंत्रांची भीती नाही, हौस आहे. तीच अडचण आहे.

आता जानेवारीतली गोष्ट सांगतो, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. कारवारहून परत येत होतो. काब द रामच्या समोर, रात्रीचे अडीच. मतलई वारा सुटलेला, जमिनीकडून धुराचा वास येत होता, होडी सुरेख चालली होती. आणि प्लॉटरचा पडदा एकदम पांढरा झाला. बंद केला, चालू केला, परत पांढरा. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. किनारा उजव्या हाताला, पुढे मुरगावबाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे. पण लॉगबुक उघडलं आणि पोटात गोळा आला. शेवटची नोंद रात्री दहाची. साडेचार तास मी पडद्याकडे टक लावून बसलो होतो आणि एक अक्षर लिहिलं नव्हतं. बायकोने खालून विचारलं, "आपण आहोत कुठे?" मी म्हटलं, "गोव्यात."

सकाळी मागचा जोड उघडला तर आत हिरवा गंज. साधी तांब्याची तार, कल्हई नसलेली. काम पैसे मोजून करून घेतलं होतं, आणि मी, विजेचा माणूस, ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

तर ज्यांनी किनारा सोडून रात्री काढल्या आहेत त्यांनी सांगा. काय ठेवू, काय गाळू?

कॅप्टन_सुट्टीवर (मडगाव)

पणजीकरसाहेब, आधी बेरीज करा. तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली येते, तरी करून दाखवतो.

१२ व्होल्टवर ऑटोपायलट सरासरी साडेतीन अँपिअर धरा, चोवीस तासांचे झाले ८४ अँपिअर-तास. प्लॉटर ३०. फ्रीज ५०, आणि डिसेंबरातही आपल्याकडे केबिन तापते, तेव्हा ५० म्हणजे कमीच. एआयएस (आपली ओळख आणि जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र) आणि व्हीएचएफ (बोलायचा रेडिओ) मिळून २०. दिवे ५. बेरीज १८९, आणि पाण्याचं यंत्र यात धरलेलंच नाही. १०० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ३० च्या आसपास देतं, तेही शिडाची सावली पडली नाही तर. दोन लावलीत तर ६०. उरलेले १३० कुठून आणणार? इंजिनातून. म्हणजे वर शीड फुगलेलं आणि खाली डिझेल धडधडतंय. त्यापेक्षा कोचीला ट्रेनने जावं.

फ्रीज गाळा. पाण्याचं यंत्र गाळा. अडीच दिवसांना तीन माणसांना पाणी लागतं किती? दुप्पट दिवस धरून कॅन भरून घ्या. ते वेगवेगळे ठेवा, एकाच टाकीवर भिस्त नको. रडारचा पैसा शिडांवर घाला.

तीन गोष्टींवर मात्र मी वाद घालणार नाही. पहिली, ईपीआयआरबी, म्हणजे संकटात हाक देणारा बीकन. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक जाते, आपल्याकडे ती बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून तटरक्षक दलाकडे. होडीच्या नावाने नोंदणी करून घ्या, नाहीतर कोण बुडतंय हे शोधण्यात वेळ जातो. दुसरी, पक्का बसवलेला व्हीएचएफ, अँटेना डोलकाठीच्या टोकाला. या लहरी सरळ रेषेत जातात. हातातला सेट पाण्यापासून दीड मीटरवर धरून तुम्ही कुणाला ऐकू जाणार? तिसरी, एआयएस, आणि नुसता ऐकणारा नव्हे, सांगणारा. तुमच्यासारख्या होडीचा दोन वॅटचा असतो, चालत्या होडीची जागा दर तीस सेकंदांनी कळवतो. अडीचशे मीटरच्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, मी बसलेला असतो, पावसाच्या सरीत तुमची फायबरची होडी माझ्या रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवते. एआयएसवर नाव दिसलं तर मी निदान व्हीएचएफ उचलतो.

साधेपणाची हौस असणाऱ्यांना २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत आठवत असेल, शिडाच्या होडीने एकट्याने जगप्रदक्षिणा. सगळं १९६८ सारखं, जीपीएस नाही, सेक्स्टंट (सूर्यताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) आणि कागद. अभिलाष टॉमी आपल्या गोव्यात बांधलेल्या थुरिया होडीवरून गेले. दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, चालता येईना. नौदलाच्या विमानाने होडी शोधली, फ्रेंच जहाज ओसिरिसने उचललं. त्या शर्यतीतसुद्धा बीकन आणि आणीबाणीचा फोन सक्तीचा होता.

आणि उलट बाजूही ऐका. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या परिसरात जीपीएस इतका गढूळ झाला होता की पडद्यावर जहाजं वाळवंटात उभी दिसत होती. आम्ही रडारवरून किनाऱ्याची अंतरं घेऊन कागदावर जागा मांडत होतो. हे शिकवलेलं असतं, पण हात बसलेला नव्हता. पहिले दोन तास घाम फुटला. तुमचं लॉगबुक वाचून म्हणून हसलो नाही.

वेंगुर्ल्याचो_दर्या

कॅप्टनसाहेबांचं सगळं मान्य. मी यंत्रांचा माणूस नव्हे, आमचा घरचा ट्रॉलर होता, आता भावाकडे आहे. पण आमचे आजोबा फत्तेमारीवर, म्हणजे मालाच्या शिडाच्या गलबतावर होते. मंगळूरची कौलं भरून वर यायची, रत्नागिरी, मुंबई. होकायंत्र होतं, पण तेल संपलं की त्याच्या दिव्याची वात विझायची म्हणायचे.

रात्री ते ध्रुवाकडे हात लांब करून मूठ धरायचे. ही युक्ती तुम्हीही करून बघा. हात ताठ, मूठ क्षितिजावर टेकवायची. मूठ साधारण दहा अंश. तिच्यावर मधली तीन बोटं आडवी ठेवली की आणखी पाच. ध्रुव जितका वर तितके आपण विषुववृत्तापासून वर. पणजी साडेपंधरा अंशांवर, म्हणजे मूठ आणि तीन बोटं, वर इवलंसं. दक्षिणेला गेलात की ध्रुव खाली उतरतो. अगत्ती पावणेअकरा अंशांवर, तिथे नुसती मूठ आणि अर्धं बोट. जुने नाखवे याच कामाला लाकडाची फळी वापरायचे, तिला गाठी मारलेली दोरी, दोरीचं टोक दातात. फळीची खालची कड पाण्याला, वरची ध्रुवाला. कमाल म्हणतात तिला. प्रत्येक बंदराची एक गाठ.

दुसरं, शिशाचा लोळा बांधलेली दोरी ठेवा. लोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात साबण नाहीतर चरबी भरायची. वर काढला की तळ चिकटून येतो, वाळू का चिखल. डेप्थ साउंडर पाणी किती ते सांगतो. नांगर धरेल की नाही ते साबण सांगतो.

आणि बाबांनो, एआयएसवर आमची लहान होडी दिसत नाही. जाळ्याचे बोये तर नाहीतच नाही. पडदा रिकामा म्हणजे दर्या रिकामा असं समजू नका. पहिल्या रात्री किनाऱ्यापासून बाहेर पडेपर्यंत एक माणूस पुढे नाळेवर बॅटरी घेऊन बसवा. जाळं पंख्यात गेलं तर तुमचंही नुकसान, आमचंही. जाळं कितीला पडतं ते विचारू नका.

कॅप्टन_सुट्टीवर (मडगाव)

आजोबांना दंडवत, पण हिशेब सांगतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. मुठीत एका अंशाची चूक सहज होते, शिवाय ध्रुव नेमका ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून जास्त बाजूला आहे. अगत्ती म्हणजे सातेक किलोमीटरची सखल प्रवाळाची पट्टी. माड दिसेपर्यंत तुम्ही दहाबारा मैलांवर आलेले असता. मुठीने मुंबई चुकणार नाही, अगत्ती चुकेल, आणि चुकलं तर पुढे पश्चिमेला थेट आफ्रिका.

सेक्स्टंटने मैल-दोन मैलांत जागा मिळते, पण सरावाने. घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांश एक मिनिट सरकतो. विकत आणून पेटीत ठेवायचा असेल तर शोकेसमध्ये छान दिसतो.

वेंगुर्ल्याचो_दर्या

आजोबा अगत्तीला कधी गेले नाहीत :) मुंबई मात्र चुकली नाही.

दोनापावलची_शिडं

काका, मी लहान डिंगीवर शिकले, नंतर दोनदा दुसऱ्यांच्या होड्या गोव्याहून कोचीला पोचवायला खलाशी म्हणून गेले. दोनच गोष्टींवर लिहिते, बाकी वर आलंय.

एक. परदेशी व्हिडिओ बघून उपग्रह फोन किंवा गार्मिन इनरीच (उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र) मागवायच्या फंदात पडू नका. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन किंवा इनरीच बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इथेच गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून अडवलं होतं. इंटरनेटवरच्या अर्ध्या याद्या "आधी सॅटेलाइट घ्या" इथूनच सुरू होतात, त्या आपल्या किनाऱ्याला लागूच नाहीत. हवामान निघायच्या आधी बघा. हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज मिळतो, तो तीन दिवसांचा लिहून घ्या. हो, कागदावर. किनाऱ्यापासून थोडं बाहेर गेलं की फोन नुसता कॅमेरा उरतो.

दोन, ऑटोपायलट. पहिल्या फेरीत आमचा मंगळूरच्या पुढे गेला. पट्टा तुटला, सुटा पट्टा होडीवर नाही. तिघांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून सुकाणू धरलं. दुसऱ्या रात्री कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मालकाने मग एक जुगाड दाखवला. तुमच्या होडीला चाक नसून दांडा असेल तर हा शिकून घ्याच. पुढच्या शिडाची दोरी कप्पीतून फिरवून वाऱ्याकडच्या बाजूने सुकाणूच्या दांड्याला बांधायची. दुसऱ्या बाजूने दांड्याला रबरी नळी, औषधाच्या दुकानात मिळते तीच पिवळट नळी. होडी वाऱ्याकडे वळायला लागली की शिडावर ताण वाढतो, दोरी दांडा ओढते, होडी परत वाटेवर. ताण कमी झाला की रबर उलटं ओढतं. नळी किती ताणायची हे जमेपर्यंत तासभर गेला, पण मग अर्धी रात्र होडी स्वतः चालली. मी सुकाणूपाशी बसून केळं खाल्लं, दोन्ही हातांनी सोलून. खरं सांगते, त्या केळ्याची चव अजून आठवते.

आडव्या वाऱ्यात हे झकास चालतं. मागून वारा असला की नाटकं करतं, आणि अगत्तीला जाताना तुम्हाला वारा बराचसा मागून असेल. म्हणून पैसे घालायचेच तर विंडवेनमध्ये घाला, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणाऱ्या यंत्रात. महाग आहे, मागे लोंबकळताना कुरूप दिसतं, पण वीज शून्य. जितका वारा जास्त तितकं जोरात काम करतं, नेमकं जेव्हा विजेचा पायलट दमतो तेव्हा.

आणि मोडतं ते नेहमी पडद्यामागचंच असतं असंही नाही. नौदलाच्या महिलांची होडी तारिणी २०१८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात मॉरिशसला थांबली ती सुकाणूच्या बिघाडाने. तेव्हा काका, सुकाणूचा बोल्ट, केबल, जे असेल ते निघण्याआधी एकदा स्वतः उघडून बघा. जानेवारीतल्या जोडासारखं नको.

मांडवीकाठचा_पणजीकर

सगळ्यांचे आभार. शेवटचं वाक्य लागलं, पण बरोबर आहे.

फ्रीज आणि पाण्याचं यंत्र गेलं. बायको फ्रीजवर अडून बसेल वाटलं होतं, ती म्हणाली सुकं बांगडं आणि सोलकढीचे आगळ घेऊ, फ्रीज कशाला. रडार गेलं. ईपीआयआरबी, व्हीएचएफ, एआयएस ठरलं. जुना प्लॉटर ठेवतोय, सगळ्या तारा कल्हईच्या घालून मी स्वतः बसवणार. दर तासाला जागा कागदावर. पाळी संपवणाऱ्याने नोंद लिहिली नसेल तर त्याला झोपायला मिळणार नाही, हा नियम मित्राने सुचवला, त्यालाच आधी लागू होईल.

विंडवेनचं अजून ठरत नाही. नवीन परवडत नाही, जुनं कुणाकडे असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. तोवर रबरी नळी आणलीय, दोन मीटर. दुकानदाराने विचारलं पेशंटला काय झालंय.

काल रात्री मिरामारच्या वाळूत उभं राहून नदीपल्याड उत्तरेला ध्रुव शोधला. शहराच्या उजेडात सापडायलाच दहा मिनिटं. मूठ, तीन बोटं, वर इवलंसं. बरोब्बर! बायकोची मूठ माझ्याहून बरीच लहान, म्हटलं हिला चार बोटं लागतील. तिलाही तीनच लागली. हातही तेवढाच आखूड ना.