‘येते’ म्हणजे जाते : जपानी निरोपाच्या निमित्तानं

शब्द अगदी रोजचा आहे. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. लहानपणी चुकून ‘जाते’ निघालं की घरातलं कुणीतरी लगेच दुरुस्त करायचं. ‘जाते’ उरलं ते रागात म्हणायला. ‘गेला’ म्हटलं तर तर काळजात धस्स होतं. हे सगळं मला माहीत होतं, पण या शब्दाकडे नीट पाहिलं ते ओसाकात राहायला आल्यावर.

माझ्या समोरच्या दारात रोज सकाळी एक पहिलीतला मुलगा बूट चढवत असतो. दप्तरावर पिवळं कव्हर. इथे पहिलीतल्या मुलांच्या दप्तराला ते असतं, गाडीवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. बूट घालून झाले की मागे न बघताच तो ओरडतो, ‘इत्ते किमास!’ आतून आजीचा आवाज येतो, ‘इत्तेराश्शाइ!’ पुढे भाषेच्या वर्गात त्याची फोड कळली आणि मी वही बाजूला ठेवून बसले. ‘इकु’ म्हणजे जाणे, त्याचं ‘इत्ते’ म्हणजे ‘जाऊन’. ‘कुरु’ म्हणजे येणे, त्याचं विनयाचं रूप ‘किमासु’, शेवटचा उकार जवळजवळ गिळलेला. जाऊन येतो! शब्दाला शब्द आणि क्रमालाही क्रम. आजीचं उत्तरही तसंच, ‘जाऊन ये’. त्यातलं ‘इराश्शाइ’ आदराचं. दुकानात शिरल्याबरोबर जे ‘इराश्शाइमासे’ कानावर पडतं, ते तेच, आपलं ‘या, या’.

परत आल्यावर म्हणायचं ‘तादाइमा’. शब्दशः ‘आत्ताच’, पुढचं ‘परतले’ मनात. घरातला माणूस म्हणतो ‘ओकाएरी’, म्हणजे परत आलीस. आपल्याकडे ‘आले गं’ आणि त्यावर ‘आलीस?’ माणूस डोळ्यांसमोर उभा असताना ‘आलीस?’ विचारण्यात माहिती कसली घ्यायची असते? ते स्वागतच आहे. मराठीत भेटीगाठीचे शब्द कमी, असं पुष्कळदा ऐकते, आणि मला ते पटत नाही. आपले शब्द क्रियापदांत आहेत : आलात? निघालात? जेवलात का?

‘सायोनारा’ आपल्याला सिनेमामुळे माहीत, पण रोजच्या बोलण्यात तो फारसा कानावर येत नाही. त्याचा मूळ अर्थ ‘तसं असेल तर’. म्हणजे आपलं ‘बरं तर मग’. रोजचं रूप ‘जा ने’, अर्थ तोच, ‘बरं तर’. पहिल्या आठवड्यात कामावरची मैत्रीण हात हलवत ‘जा ने’ म्हणाली आणि मराठी कानाला ते ‘जा ना’ ऐकू आलं. अर्थ समजल्यावरही त्या ‘जा’चा दचका पुष्कळ दिवस गेला नाही.

साम्य इतकं की फसायला होतं. वरिष्ठांनी पलीकडच्या खोलीतून हाक मारली, मी आपल्या सवयीनं ‘आले, आले’चं भाषांतर केलं, ‘किमासु’. ते गोंधळून दारापर्यंत आले. हाकेला ओ देताना जपानीत ‘इमा इकिमासु’ म्हणतात, ‘आत्ता जाते’. बोलणारा जिथे उभा आहे तिथून ते बघतात. आपण हाक मारणाऱ्याच्या जागी जाऊन बघतो, आणि वर भूतकाळ वापरतो, जणू पोचलोसुद्धा.

मला सगळ्यात मोठा वाटलेला फरक वेगळाच आहे. ‘इत्ते किमासु’ स्वतःच्या घरातून निघताना म्हणायचं, किंवा कामाच्या जागेवरून मधेच बाहेर जाताना. दुसऱ्याच्या घरातून निघताना चालत नाही. तिथे पाहुणा म्हणतो ‘ओजामा शिमाशिता’, ‘तुम्हाला अडथळा केला’. संध्याकाळी इतरांच्या आधी कामावरून निघताना ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’, ‘तुमच्याआधी निघण्याचा उद्धटपणा करते’. यात खोटं काही नाही, समोरच्याच्या वेळेचा आणि जागेचा खरा मान आहे. पण आपलं ‘येते’ कुठल्याही घरातून निघताना चालतं. पहिल्यांदाच चहाला गेलेल्या घरातूनही आपण ‘येते हं’ म्हणूनच उठतो. परत येण्याचं पाहुणाच बोलून टाकतो. तिकडे ते यजमानानं म्हणायचं असतं, ‘माता किते ने’, पुन्हा या हं.

माझा प्रश्न : ‘येते’ला तुमच्याकडे उत्तर काय देतात? आणि ‘येते’ कुठे म्हणत नाहीत?

प्रतिसाद :
दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. नुसतं उठायचं, हात जोडायचे, निघायचं. माझे काका तर निघताना वळूनही बघत नसत. बाकी उत्तर ‘बरं’, ‘या’, ‘सावकाश जा’. मुलांना मात्र ‘नीट जा’ असं सर्रास म्हणतो, तेव्हा ‘जा’ तितकंसं अशुभ नसावं. स्वतःच्या तोंडून स्वतःबद्दल म्हणू नये, एवढंच.

प्रतिसाद :
‘येतो’ एकटा नाही. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान रात्री बंद न करता वाढवतात. मोडणं-संपणं तोंडानं म्हणायचं नाही, म्हणून थेट उलटा शब्द घ्यायचा. ‘येतो’ त्याच घरातला. जपानीत असं काही आहे का?

उत्तर :
आहे, आणि फार जवळचं! लग्नाची मेजवानी ‘संपली’ म्हणत नाहीत, ‘ओहिराकि’ म्हणतात, म्हणजे ‘उघडणं’. आपण बंद करायला वाढवतो, ते संपवायला उघडतात. ‘नाशि’ हे नासपतीसारखं फळ, पण ‘नाशि’चा दुसरा अर्थ ‘नाही’, म्हणून त्याला ‘आरि नो मि’ असंही नाव आहे, ‘आहे’चं फळ. चार या आकड्याचा एक उच्चार ‘शि’, आणि मरणालाही ‘शि’च; म्हणून चारला बहुतेक ठिकाणी ‘योन’ म्हणतात.

पहिल्या प्रतिसादातलं ‘स्वतःबद्दल म्हणू नये’ मला पटलं. ‘सावकाश जा’त ‘जा’ असला तरी तो दुसऱ्याच्या काळजीपोटी आलेला असतो. जपानी आजी मात्र त्याही जागी ‘जाऊन ये’ म्हणते, नुसतं ‘जा’ नाही. आपल्या ‘जाऊन ये’चाही तोच अर्थ, पण मी तो घरीच वापरलेला ऐकलाय, पाहुण्याला कधी नाही.

आणि एक. मी इथे एकटी राहते. मागच्या महिन्यात दाराला कुलूप लावत होते, समोरच्या आजी नातवाला निरोप देऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, ‘इत्तेराश्शाइ.’ घर त्यांचं नाही, मी त्यांची कुणी नाही. मी काय म्हणायला हवं होतं ते वर्गात शिकले होते, तरी तोंडातून आलं ते मराठीच, ‘येते हं.’ त्यांना शब्द कळला नाही, पण मान मात्र त्यांनी अगदी जागच्या जागी हलवली. आता रोज सकाळी मी आधी ‘इत्ते किमास’ म्हणते, आणि जिना उतरताना हळूच ‘येते’.